मोठ्या टाकीमागची खोली

बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हा घरातलं टपाल मी होते. सुट्टीच्या दिवशी दादा, वहिनी आणि छकुली आमच्याकडे जेवायला यायचे. पानावर बसलं की दादा मला म्हणायचा, “त्यांना सांग, पंखा जरा कमी करा.” बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेले. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “त्याला म्हणावं, मला उकडतंय.” मला उकडतंय की थंडी वाजतेय हे कधी कुणी विचारलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, “आता तिकीट चिकटवून पाठवा दोघांनी. मी जेवतेय.” वहिनी हसली. ते दोघं हसले नाहीत, पण दोघांनीही एकाच वेळी पाण्याचा पेला उचलला आणि एकाच वेळी खाली ठेवला. हट्टात म्हणा, लकबीत म्हणा, मुलगा थेट बापाच्या वळणावर गेलेला.

भांडणाचं मूळ दादाच्या लग्नात होतं. बाबा शहरातल्या मत्स्यालयात मोठी टाकी सांभाळायचे. लग्नाच्या दिवशी, नेमका घरच्यांचा फोटो काढायच्या वेळी निरोप आला की पाणी थंड ठेवणारं मशीन बंद पडलंय. बाबांनी कोट काढून आईच्या हातात दिला आणि ते गेले. परत आले तेव्हा मांडव सोडून माणसं घरी गेली होती. त्या फोटोत आईच्या शेजारी एक रिकामी जागा आहे. फोटोवाला सगळ्यांना सरकायला सांगत होता, आईच जागची हलली नाही. दादाने त्या जागेकडे बोट दाखवून बाबांना एवढंच विचारलं होतं, “मासे बरे आहेत ना?” आणि बाबांनी, ते बाबाच असल्यामुळे, खरंखुरं उत्तर दिलं, “हो, एकही गेला नाही.” त्यानंतर दादाने वेगळं घर केलं आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. आई गेली तेव्हाही दोघं दोन कोपऱ्यांत रडले.

मी त्याच मत्स्यालयात तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे बाबांचं काम मला जवळून ठाऊक आहे. लोक खाली अंधाऱ्या दालनात काचेसमोर उभे राहतात आणि त्यांना समुद्र दिसतो. त्या समुद्राचा कारभार वर चालतो, टाकीमागच्या खोलीत. अरुंद लोखंडी जिना चढून गेलं की एक ओलसर खोली, आणि अर्ध्या खोलीत जमिनीऐवजी पाणी. टाकीचं उघडं तोंडच ते. बाजूला कापलेल्या माशांच्या बादल्या, लांब दांड्यांच्या जाळ्या, खिळ्यावर बाबांचा स्वेटर, एक मोडकी खुर्ची. टेबलाखाली हवेचा पंप. तो खोलीतली हवा ओढायचा आणि नळीने खाली पाण्यात सोडायचा. लोकांना काचेतून जे बुडबुडे दिसायचे ते त्या पंपाचे. त्याची घरघर इतकी सवयीची झाली होती की बाबा घरी आल्यावर म्हणायचे, “किती शांत आहे गं इथे, बरं नाही वाटत.”

टाकीत पुष्कळ मासे होते, पण खरा मान आजोबांना. आजोबा म्हणजे जाड ओठांचा, ठिपक्यांचा, माणसाच्या छातीएवढा रुंद मासा. बाबा नोकरीला लागले तेव्हा तो त्यांच्या पंजाएवढा होता. बाबांनी पाण्यात हात घातला की तो वर यायचा आणि कपाळ तळहाताला टेकवून थांबायचा. दादा लहानपणी म्हणायचा, “त्याला ‘बाळ’ म्हणता आणि मला ‘ए’ म्हणता.” हे तो चिडून म्हणायचा आणि ते खरं होतं. पुढे आम्हीच त्या माशाचं नाव आजोबा ठेवलं.

या दोघांचा समेट घडवला तो छकुलीने, आणि तोही नकळत. तिची शाळेची सहल आमच्याकडे आली. बाबा खोलीतून खाली उतरले होते. छकुलीने वर्गातल्या सगळ्या मुलींसमोर त्यांचा हात धरला आणि काचेकडे बोट करून जाहीर केलं, “हे माझे आजोबा आणि तो पण माझा आजोबा. हे त्याला जेवायला देतात.” घरी जाऊन तिने बापाचं डोकं खाल्लं असणार. कारण पुढच्या सुट्टीला जेवता जेवता दादाने माझ्याकडे न बघता, थेट पानाकडे बघत विचारलं, “त्या तुमच्या खोलीचे पोपडे फार निघालेत म्हणे. रंगवून देऊ का?”

माझा घास हातात राहिला. ‘तुमच्या’ म्हणाला तो. टपालाला वगळून.

बाबांनी इतका वेळ लावला की मला वाटलं, गेलं आता. मग ते म्हणाले, “दे की.” आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “दे. तिथली ओल फार वाईट आहे. टिकेल ना?”

“माझा रंग टिकेल ना, असं विचारताय?” दादा म्हणाला. तो रंगारी आहे, आणि माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण त्याच्या हाताला तोड नाही. त्याने रंगवलेल्या घरात फरशीवर एक ठिपका शोधून दाखवावा कुणीही. आधी झाकाझाकीत अर्धा दिवस घालवतो, मग डबा उघडतो. “ओलीत टिकणारा ऑइलपेंट आणतो,” तो म्हणाला. “बघाच तुम्ही.”

साहेबांची परवानगी बाबांनीच मागितली. मत्स्यालय बंद असायच्या दिवशी दादा डबे घेऊन आला. सकाळभर त्याने भिंती खरवडल्या, खड्ड्यांत लांबी भरली. बाबा त्याच्या मागेपुढे, शिडी धर, कपडा दे, असं करत होते. मी जेवणाचा डबा द्यायला वर गेले तेव्हा दोघं खिडकीशी उभे राहून चहा पीत होते आणि बाबा दादाला समजावत होते की पाकट मासा हातातून कसा खातो. दादा ऐकत होता. हे त्याने आयुष्यात हजारदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होता. मी डबा ठेवून गुपचूप खाली आले. मला तिथे थांबून काही मोडायचं नव्हतं.

संध्याकाळी रंगाचा पहिला हात द्यायच्या आधी दादा म्हणाला, “बाबा, आता तुम्ही घरी जा. पूर्ण झाल्यावरच बघायचं. सकाळी या.”

निघताना टाकीला एक शेवटची चक्कर मारायची हा बाबांचा नेम. ताप असो, आईशी भांडण असो, तो नेम चुकला नव्हता. त्या दिवशी ते टाकीकडे वळले, दादाकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, “बरं बाबा, तू म्हणशील तसं.” आणि माझ्याबरोबर जिना उतरले. वाटेत मला म्हणाले, “ ‘बाबा’ म्हणाला मला, ऐकलंस?”

सकाळी बाबांनी कपाटातला नवा शर्ट काढला. मी चिडवलं, “भिंती बघायला चाललोय, मुलगी बघायला नाही.” ते म्हणाले, “गप गं.” पण खुशीत होते.

रंगाचा वास जिन्यावरच नाकात शिरला. दार उघडलं तर डोळ्यांना पाणी आलं. खोली खरंच सुंदर झाली होती. फिकट निळा रंग, छताच्या कडेला सरळ पांढरी पट्टी. ओल्या रंगावर धूळ आणि किडे बसू नयेत म्हणून दादाने सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, दाराखालच्या फटीतसुद्धा बाहेरून कपडा कोंबला होता. आणि पाण्यात रंगाचा शिंतोडा जाऊ नये म्हणून त्याने टाकीचं सगळं तोंड प्लॅस्टिकने झाकलं होतं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, एक सुरकुती नाही. टेबलाखाली पंप घरघरत होता.

बाबा भिंतीकडे बघून हसले. मग त्यांनी पंपाकडे बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून हसू जाताना बघितलं, ते मला विसरता येत नाही.

गुडघ्यांचं दुखणं विसरून ते धावले, खाली बसले आणि पट्टी ओढून प्लॅस्टिक उचललं. पाणी दिसत नव्हतं, इतके मासे वर तरंगत होते. पिवळे, पट्ट्यांचे, चंदेरी, सगळे आडवे. पाकट उलटे झाले होते, त्यांची पांढरी पोटं वर. आजोबा एका कोपऱ्यात, तोंड जिथून बाबांचा हात यायचा त्या कडेला लावून पडला होता. बाबांनी नव्या शर्टासकट खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि त्याच्या कपाळाला तळहात लावला. तो हलला नाही. बाबा “ए बाळ” म्हणाले. पुन्हा म्हणाले.

मी दारातच होते. शेवटी त्यांनीच तिकडे तोंड ठेवून सांगितलं, “खिडक्या उघड.”

मी खिडक्या उघडल्या. ते उठले, पंपाचं बटण बंद केलं आणि प्लॅस्टिक सोडवायला लागले. एकेक पट्टी सोडवून त्यांनी त्याची चादरीसारखी घडी घातली आणि माझ्या पिशवीत कोंबली. तेव्हा मला म्हणाले, “हा पंप इथलीच हवा पाण्यात सोडतो. कोंडलेल्या खोलीतला सगळा वास, सगळं थिनर त्याने तासन्‌तास आत सोडलंय. आणि वरून झाकलेलं, म्हणजे बाहेर जायला वाट नाही.” मग माझं मनगट धरून, “हे त्याला कळता कामा नये.”

“कळता कामा नये म्हणजे? लोक विचारतील!”

“हवेच्या नळीचा व्हॉल्व्ह माझ्याकडून बंद राहिला, म्हणून सांगेन. मी निघताना उलटा फिरवला.”

“आणि तुमचं नाव खराब होईल ते? उभा जन्म घातलात इथे!” मी ओरडलेच. “त्याने केलंय ते त्याला सांगा की. लहान आहे का तो?”

“त्याने काय केलंय गं?” बाबा म्हणाले. “रंगाऱ्याने जे नीट करायचं ते त्याने नीट केलं. पंप बाहेर ठेव, एवढं मी सांगायला हवं होतं. शिकाऊ पोरांना मी हेच पहिलं सांगतो, इथे साधं डासांचं औषध मारायचं नाही म्हणून. आणि कालच विसरलो. आनंदात होतो गं मी.”

खाली दालनात दिवे लागायची वेळ झाली होती, त्याआधी पडदा ओढायला मी धावले.

मासे बाबांनीच काढले. कुणाला जाळी हातात घेऊ दिली नाही. आजोबाला उचलायला मात्र दोघांची मदत लागली.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली आणि माझ्या खिडकीवर तिकिटापेक्षा कारणंच जास्त यायला लागली. कुणी म्हणे उन्हाळ्याने पाणी तापलं. कुणी म्हणे नळाच्या पाण्यात औषध जास्त पडलं. एका गृहस्थांनी शपथेवर सांगितलं की कामावरून काढलेल्या माणसाने विष कालवलं, त्यांच्या साडूच्या शेजाऱ्याने बघितलं होतं. एक बाई म्हणाल्या, मुलं काचेवर बोटं आपटतात, त्या धसक्याने गेले असतील. मी म्हटलं, “मग मी कधीच जायला हवं होतं, माझ्या काचेवर दिवसभर आपटतात.” एरवी अशा बोलण्यावर मी स्वतःच हसले असते.

खरी तपासणी करायला त्याच दुपारी माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मध्यम वयाच्या, शांत, हातमोजे घालूनच जिना चढल्या. पाण्याच्या बाटल्या भरल्या, कल्ले उघडून बघितले, आणि टाकीच्या कडेला बसून बाबांशी बोलत, विचार करत राहिल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या म्हणत होत्या, “रोग असता तर आधी एक मेला असता, मग दोन, मग पाच. सगळे एकदम गेले. म्हणजे एकतर श्वास कोंडला, नाहीतर बाहेरून काहीतरी आत आलं. पाणी तापलेलं नाही. नळाचं पाणी, पाइपातून उतरलेलं तांबं, म्हणावं तर बाकीच्या टाक्यांनाही तेच पाणी जातं, आणि तिथे सगळे ठणठणीत आहेत. मग या एकाच टाकीला वेगळं काय मिळालं?”

“व्हॉल्व्ह बंद राहिला माझ्याकडून,” बाबा म्हणाले. “हवाच मिळाली नाही.”

बाईंनी मान हलवली. उठल्या, खोलीभर फिरल्या, टेबलाखाली वाकून पंप बघितला. मग भिंतीला बोट लावलं. बोटाला निळा रंग आला. त्या बोटाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग बाबांकडे.

“कुणी रंगवलं?”

मीच म्हटलं, “माझ्या भावाने.”

बाई पुन्हा कडेला बसल्या. “मला खरं ते सांगावंच लागेल,” त्या बाबांना म्हणाल्या. “आज इथे झालं, उद्या दुसरीकडे होईल. सगळीकडे रंगकाम चालतंच.”

“सांगा की,” बाबा म्हणाले. “सगळ्या मत्स्यालयांना सांगा, रंग देताना पंप बाहेर ठेवा म्हणून. साहेबांनाही सांगा. फक्त परवानगी माझी होती आणि लक्ष ठेवायचं काम माझं होतं, एवढंच त्यात येऊ दे. ते खोटं नाहीये. त्या पोराचं नाव कशाला?”

बाईंनी रुमालाने बोट पुसलं. “तुमचं बरोबर आहे, जबाबदारी तुमचीच होती,” त्या म्हणाल्या. शब्द कडक होते, पण त्यांनी जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर साहेबांनी ‘देखरेखीतली चूक’ एवढंच सांगितलं आणि बाबांना मुदतीआधी घरी बसवलं. निरोपाचं काही झालं नाही. खिळ्यावरचा स्वेटर मी पिशवीत घालून आणला.

मासे गेले त्या दिवशी संध्याकाळीच दादा धावत आला होता. मी दार उघडलं आणि त्याला बघून माझं डोकं तडकलं. माझ्या ओठांवर आलंच होतं सगळं. तो मला बाजूला सारून आत गेला. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दादा त्यांच्या पायाशी बसला.

“बाबा,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह राहिला ना? होतं हो. माणूस आहे.”

बाबा वळले नाहीत.

“मला वाटायचं तुमचं कधी काही चुकतच नाही,” दादा म्हणाला. “आमचंच चुकतं, आणि तुमचे मासे नेहमी बरे. फार राग यायचा मला. आता नाही येत.” आणि तो त्यांचे पाय चेपायला लागला. लग्नानंतर प्रथमच त्याने बाबांना हात लावला होता.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला कळली. ती विनवणी होती. मी तोंड दाबून स्वयंपाकघरात गेले आणि कुकरच्या शिट्टीआड रडून घेतलं.

त्यानंतर दादा येतच राहिला. सुट्टीची वाट न बघता, कामावरून परस्पर यायचा, बाबांच्या शेजारी बसायचा. पंखा कमी करायचा असेल तर स्वतः उठून करायचा. माझं टपाल खातं बंद पडलं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला ते समोर घडत होतं, आणि मला त्याचा आनंद घेता येत नव्हता. बाबा चूक करणारे झाले म्हणून दादाला ते आपले वाटायला लागले होते. ती चूक त्यांची एकट्याची नव्हती, हे मला पोटात ठेवून बसावं लागायचं. एकदा दादा सहज म्हणाला, “मी रंग संपवून निघताना तो व्हॉल्व्ह जरा बघायला हवा होता. पण मला काय कळतंय त्यातलं.” मी हातातलं भांडं इतक्या जोराने आपटलं की छकुली दचकली. बाबा शांतपणे म्हणाले, “नाही रे, तुला कसं कळणार?”

बाबा खंगत चालले होते. जेवायचे, बोलायचे, पण संध्याकाळ झाली की उठून घरातल्या घरात चक्कर मारायचे. खोलीच्या कडेकडेने, खाली बघत. मग त्यांना आठवायचं आणि ते खाली बसायचे. ते बघून छकुलीने हट्ट धरला आणि आजोबांसाठी छोटी काचपेटी आणवली. आत दोन केशरी मासे आणि बाजूला डबीएवढा हवेचा पंप. बाबांना ती नको होती, हे मला दिसत होतं. पण छकुली म्हणाली, “आजोबा, यांना तुमच्या हाताने द्या हं,” आणि त्यांनी पेटी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. हळूहळू त्यांनी पाण्यात बोट बुडवायला सुरुवात केली.

मग एका सुट्टीला दादा डबे घेऊन दारात उभा. “या घराच्या भिंती बघा,” तो म्हणाला, “रंगाऱ्याच्या बापाचं घर म्हणून कुणी ओळखेल का? आज ही खोली रंगवून काढतो.”

बाबा “राहू दे” म्हणाले. दादाने ऐकलं नाही. त्याने सामान मधोमध ओढलं, फरशीवर वर्तमानपत्रं पसरली, दिव्याच्या बटणांवर पट्टी लावली. छकुली त्याला कागद पुरवत होती, वहिनी आणि मी पडदे काढत होतो. घरात कामाची गडबड होती आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. दादाने डबा उघडला. वास आला. मी पडदा हातात घेऊन तशीच थांबले.

“यांना झाकतो आधी,” दादा म्हणाला आणि प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन काचपेटीकडे गेला. चिकटपट्टी दातांनी तोडत होता.

बाबा खुर्चीवरून उठले. कुणाशी काही न बोलता त्यांनी टेबलावरचा छोटा पंप उचलला, खिडकी उघडली आणि तो बाहेरच्या कठड्यावर ठेवला. नळी खिडकीतून आत घेतली, चिमटू नये म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी सारली. नळी पाण्यात सोडली. बुडबुडे आले तसे ते परत खुर्चीकडे वळले. हे सगळं त्यांच्या हातांनी केलं. ते स्वतः कुठे होते कोण जाणे.

दादाच्या हातात प्लॅस्टिक तसंच राहिलं.

“पंप बाहेर का ठेवलात, बाबा?”

तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “आवाज करतो रे फार.”

“आवाज तो रोज करतो.” दादाने खिडकीबाहेरच्या पंपाकडे बघितलं, उघड्या डब्याकडे बघितलं, हातातल्या प्लॅस्टिककडे बघितलं. “तिथला पंप कुठे होता?”

“कुठला?”

“मोठ्या टाकीचा. टेबलाखाली होता ना? खोलीतच?”

वहिनीने छकुलीला जवळ ओढलं.

दादा वर्तमानपत्रांवर खाली बसला. पट्टीचं चाक त्याच्या हातातून सुटून घरंगळत गेलं. “खिडक्या मी लावल्या होत्या,” तो म्हणाला. “फटीत कपडा मी कोंबला होता. बाबा, तुम्ही व्हॉल्व्ह म्हणालात. तुमची नोकरी गेली. मी तुम्हाला म्हणालो, चूक होते माणसाची. मी तुम्हाला म्हणालो!”

बाबा एक हात भिंतीला धरून, गुडघे सांभाळत, त्याच्या शेजारी खाली बसले. त्यांना तसं बसायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे.

“ते लावलं होतंस ना प्लॅस्टिक,” ते म्हणाले, “ते मी काढलं. सगळी टाकी बघितली मी त्या दिवशी. रंगाचा एक थेंब पडला नव्हता पाण्यात. मी शोधला. एकसुद्धा नव्हता रे.”

दादाने गुडघ्यांत डोकं घातलं आणि आई गेली तेव्हाही रडला नव्हता इतका रडला. बाबांना हातांचं काय करावं ते सुचेना. त्यांनी जवळ येऊन पडलेलं पट्टीचं चाक उचललं आणि नखाने तिचं टोक शोधत बसले. नजर अधू झालीय त्यांची, बराच वेळ लागला. टोक सापडल्यावर त्यांनी ते थोडं उचकटून चाक दादाच्या हातात दिलं.

“ऊठ,” ते म्हणाले. “खिडक्या उघड्या ठेवून करू.”